मालकांची सातवी तार

खोली बघायला गेले तेव्हा मालकांनी मला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, घरात मच्छी शिजवणार का तेही विचारलं नाही. माझी स्कूटर फाटकाशी उभी होती, तिच्याकडे बोट करून म्हणाले, "म्याडम, जरा हॉर्न वाजवा." मी वाजवला. ते डोळे मिटून उभे राहिले आणि मग घरात तोंड करून बायकोला म्हणाले, "चालंल गं. पहिलीवालीपेक्षा बरी हाय." पहिलीवाली म्हणजे माझ्या आधीची भाडेकरू. बाई सोन्यासारखी होती, पण तिच्या गाडीचा हॉर्न मध्यमाच्या जरासा खाली वाजायचा आणि मालकांचं जेवण जायचं नाही, हे मला पुढे काकींनी सांगितलं.

मी देशावरची. खालापूरच्या तहसील कचेरीत बदली झाली म्हणून या भागात आले. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. आरती म्हणतानासुद्धा मी फक्त टाळ्या वाजवते. आणि नशिबानं घर दिलं ते असं. वर माझी खोली, खाली मालक, काकी आणि त्यांची एकुलती मुलगी प्रणाली. पलीकडे हायवे. एखादा कंटेनर भोंगा वाजवत टोल नाक्याकडे गेला की मालक ओट्यावरून म्हणणार, "कोमल नी." त्या ड्रायव्हरला बिचाऱ्याला काय माहीत.

नोकरीत असताना ते साजगावच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या मोठ्या यंत्राची घरघर एका सकाळी त्यांना उतरल्यासारखी वाटली, म्हणून त्यांनी यंत्र बंद केलं. यंत्राला काहीही झालेलं नव्हतं. साहेबांनी जाब विचारला तर म्हणाले, "बिघाड नाय साहेब, पण सूर नाय." तेव्हापासून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, कारण तिथे बंद करण्यासारखं काही नव्हतं. तिथले पाइप त्यांनी मापाप्रमाणे न लावता आवाजाप्रमाणे लावले. ते निवृत्त झाल्यावर कितीतरी दिवस कुणाला हवा तो पाइप मिळेना, ही गोष्ट ते स्वतःच मोठ्या अभिमानानं सांगत.

या सगळ्याच्या मुळाशी होती गिटार. तीही सरळ नव्हे. तरुणपणी मुंबईला कुठल्याशा ऑर्केस्ट्रात त्यांनी एक माणूस पाहिला, तो गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवत होता. उजव्या हाताच्या बोटांना नख्या, डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत कांडी, आणि ती तारांवरून सरकवली की सूर माणसासारखा कण्हायचा. मालक तिथेच गारद झाले. इकडे हळद असो, वरात असो, बेंजो पार्टी लागते. ताशा कडकडल्याशिवाय इथं लग्न लागल्यासारखं वाटत नाही. अशा मुलखात या माणसानं जुनी हवाईयन गिटार पैदा केली आणि मांडीवर घेतली.

या वाद्याची एक गोम आहे. मला ती इतक्यांदा समजावली गेली की आता मी झोपेतही सांगू शकेन. साध्या गिटारीवर बोटं हवी तशी वाकडी करता येतात. इथे कांडी सरळ ती सरळच, सगळ्या तारांवर एकाच जागी आडवी बसते. म्हणून मोकळ्या तारांना तुम्ही जे सूर लावून ठेवाल तेच पुढे वर-खाली सरकणार. सगळी अक्कल आधी, तारा जुळवतानाच खर्च करायची. मालकांनी ती इतकी खर्च केली की वाजवायला शिल्लक राहिली नाही.

प सा प सा ग प. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत, सहा तारांचे हे सहा सूर. सकाळी चहा झाला की ओट्यावर बसून ते जुळवायला घेत. पाच लागल्या की सहावी सरकलेली असे. सहावी लावली की पहिलीनं मान टाकलेली. "एवढी एक लागली की सुरुवातच," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. कधीतरी खरंच सुरुवात होई. एखाद्या जुन्या गाण्याची पहिली ओळ अशी काही यायची की माझ्यासारखीचाही हात भाजी चिरताना थांबावा. मग धृपदाच्या अलीकडे कुठेतरी त्यांचा चेहरा कसनुसा होई, कांडी बाजूला पडे आणि खुंटी पिळली जाई. मोबाइलवर तारा जुळवायचं ॲप असतं, ते प्रणालीनं त्यांना घालून दिलं होतं. त्यात हिरवा दिवा लागला तरी ते म्हणत, "त्याला कान कुटं हायत? त्याला नुसते डोले हायत."

प्रणालीनं एकदा मला सांगितलं, "शाळेत मला गाणं म्हणायला उभी केली ना म्याडम, तर मी अर्ध्यातच थांबून खाली बसायची. बाई ओरडायच्या. मला खरंच वाटायचं गाणं तेवढंच असतं." हे सांगताना ती हसत होती. पण पुढे म्हणाली, "जल्मापास्न मी नुसत्या सुरवाती ऐकल्यात."

तर या मुलीनं हायवेलगतच्या गोदामाच्या ऑफिसात नोकरी धरली आणि दिवाळीला वडलांसाठी कलकत्त्याहून नवी कोरी गिटार मागवली. तिकडच्या कारागिरानं फोनवर सांगितलं की सहा तारांची करायला वेळ लागेल, सात तारांची तयार आहे. हिनं विचार केला, एक जास्तच आली तर बिघडलं कुठे? खोकं उघडलं तेव्हा मी तिथेच होते. मालकांनी लाकडावरून हात फिरवला, तारा मोजल्या, परत मोजल्या, आणि ओट्यावर बसले ते दिवेलागणीपर्यंत उठलेच नाहीत. काकी म्हणाल्या, "अगो, सहामधी ज्याची उभी हयात गेली त्याला तू सातवी दिलीस?"

सातवी काढून ठेवा, असं मी सुचवलं. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातलं माणूस काढून ठेवा म्हणाले होते. "पोरीनं पयल्यांदा कायतरी दिलंय. ती तार मी मुकी ठेवू?" सवालच मिटला. आता प्रश्न एकच उरला: सातवीला सूर कुठला द्यायचा? आणि इथून आमच्या घराची शांती गेली.

आधी त्यांनी ती सगळ्यांच्या वर, बारीक, वरच्या षड्जाला लावली. सूर झकास लागला. पण आयुष्यभर गाणं सगळ्यात वरच्या तारेवर वाजवायची हाताला सवय. हात आपसूक वरच्या तारेवर जाई आणि ती आता निराळीच तार असे. प्रेमाचं गाणं सुरू करावं आणि त्यातून भलतंच काही निघावं, असं चाललं. शेवटी ती तारच तुटली आणि मालकांच्या चष्म्याला चाटून गेली. मग जाड तार आणून खाली, खर्जात लावली. ती छेडली की स्वयंपाकघरातल्या फळीवरची ताटं थरथरायची. दोन दिवस काकींनी सोसलं. तिसऱ्या दिवशी त्या हातात उलथनं घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "एक तर ती तार ऱ्हाईल, नायतर माजी भांडी." तार गेली.

मग आली मुनीरभाईंची सूचना. मुनीरभाईंचं खालापुरात स्पीकर, मांडव, लायटिंगचं दुकान. त्यांची मंडळी मूळची श्रीवर्धनकडची, किनाऱ्यावरची. मालकांचा ॲम्प्लिफायर तेच दुरुस्त करत, आणि दुरुस्त झाला की नाही हे कळायला कधी गाणं पुरं होत नसे म्हणून कावलेले असत. त्यांनी वेगवेगळे व्हिडिओ पाहून सांगितलं, "मालक, आपुन साफ सांगतो. ग आणि प हायत ना, त्याला लागून ध लावा. सगळी दुनिया तेच करते." मालकांनी ध लावला. आता कुठलंही गाणं घ्या, ते गोड आणि सुस्त वाजू लागलं. भजन वाजवलं तरी माडाखाली खुर्ची टाकून बसल्यासारखं वाटायचं. मुनीरभाई डोळे मिटून डोलत होते. "बंदरावर गेल्यागत वाटतंय," म्हणाले. काकी दारातून म्हणाल्या, "आमच्याकडं भात पिकतो. हितं दर्या कशाला आणताव?" मालकांना ते पटलं, कारण पटण्यासारखं कुणीही काहीही बोललं की त्यांना पटायचं, हीच तर अडचण होती.

त्यानंतर कोमल ग. त्याचं पाठचं भावंड शुद्ध ग आधीच तिथे बसलेलं. दोन्ही तारा एकदम वाजल्या की एका चुलीवर दोन जावा उभ्या राहाव्यात तसं व्हायचं. मग मध्यम. मग पुन्हा षड्ज. देशभरातल्या हवाईयन गिटारवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर त्यांनी हा प्रश्न टाकला. जितके लोक तितके सूर आले. दोघांचं आपसात इतकं जुंपलं की त्यांनी एकमेकांचे गुरू काढले, आणि या सगळ्यात एक गृहस्थ दर सकाळी गुलाबाच्या फुलाचं चित्र पाठवत राहिले. मालक ग्रुपमधून बाहेर पडले आणि जिना चढून माझ्या दारात आले.

"म्याडम, तुमी सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हनूनच. ज्यांना कळतं त्या समद्यांना इचारून झालं."

मी ऑफिसला निघाले होते, डबा भरायचा होता, डोकं तापलेलं होतं. मी म्हटलं, "मालक, तुम्ही एकदा गाणं वाजवा. आधी शेवटापर्यंत वाजवा. मग कळेल कुठली तार कुठे कमी पडते ते." ते दोन पायऱ्या उतरले. मग म्हणाले, "पन बेसूर शेवटाला काय अर्थ हाय?" आणि खाली गेले. त्या क्षणी मला कळलं की या माणसाला भीती वाटते. सूर न लागण्याची नव्हे. लागल्यावर वाजवावं लागेल त्याची. मला त्यांची दयाही आली आणि रागही आला, आणि ऑफिसला उशीर झाला तो वेगळाच.

अशात प्रणालीचं लग्न ठरलं. मुलगा कर्जतचा, माथेरानच्या एका हॉटेलात हिशेब बघणारा, शांत. हळदीची बोलणी निघाली तसा आळीतल्या पोरांनी परस्पर बेंजो पार्टी ठरवायचा घाट घातला. तेव्हा प्रणालीनं सगळ्यांसमोर सांगितलं, "थांबा. हलदीला बाबा वाजवतील."

मालकांचा चहा कपातच राहिला.

"बाबा, एक गानं. सुरवातीपास्न शेवटापर्यंत. मधी थांबायचं नाय. एवढं झालं की बास, मंग मी सासरी मोकली." आणि वर म्हणाली, "नाय जमत असंल तर आत्ताच सांगा, मी बेंजो सांगते. मला वाईट नाय वाटनार."

वाईट वाटणार होतं हे भिंतींनाही दिसत होतं. मालक म्हणाले, "जमंल की. सातवी तेवढी लागू दे."

लग्नाचे कपडे आले, पत्रिका वाटल्या गेल्या, मांडवाला उंबराची डहाळी लागली, सातवी काही लागली नाही. हळदीच्या सकाळी काकींनी गुपचूप बेंजोवाल्यांना निरोप देऊन ठेवला की दुपारनंतर टेंपो घेऊन वळणावर उभे राहा. हाक मारली तर या. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "म्याडम, मानूस वाईट नाय. पन पोर आज रडली तर मी ती गिटार चुलीत घालीन."

हळदीच्या दिवशी ऊन कलायला मांडव भरला. प्रणाली पिवळ्या साडीत पाटावर बसली. तिच्यापासून हातभर अंतरावर मालक सतरंजीवर, इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर गिटार. मुनीरभाई स्पीकरपाशी. आणि पलीकडे हिराआई. हिराआई धवलारीण, लग्नातले धवले तिनं म्हणायचे, देवांना बोलवायचं, नवरीला हळद लागेपर्यंत गात राहायचं. भटजी नसले तर इकडे लोक थोडा वेळ थांबतील, पण हिराआई नसली तर हळदीची वाटी उचलत नाहीत. ठरलं असं होतं की आधी मालकांचं गाणं, मग धवला.

मालकांनी सहा तारा जुळवल्या. सातवी पहिल्यांदा ध केली. मान हलवली, उतरवली. षड्ज केला. उतरवला. बायका वाट्या घेऊन उभ्या. पोरं वळणाकडे बघत होती. प्रणाली पाटावर खाली मान घालून बसली होती आणि तिचे ओठ घट्ट मिटले होते. मी काकींकडे पाहिलं. काकींनी पदर खोचला. बेंजोला हाक जाणार हे मला दिसलं.

तेवढ्यात हिराआई म्हणाली, "रं बाला, हलद सुकली."

"एक मिनिट आई. एवढी एक..."

"माजं वय झालं रं. मी काय उंद्यापरत बसू?" आणि तिनं डोळे मिटून धवला सुरू केला.

आता धवल्याला मधे तोडत नाहीत. तोडला तर पुन्हा पहिल्यापासून, सगळ्या देवांना नव्यानं आवतण. बायका हळद लावायला वाकल्या. मालक मात्र गांगरले. "आई, तुमचा षड्ज कुठला?" त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं. तिनं एका डोळ्यानं पाहिलं आणि गावदेवीला हाक घातली. तिचा सूर त्यांच्या सहांपैकी एकाही तारेवर नव्हता. कुठल्याच घरात न बसणारा, मधलाच कुठला तरी होता. मालकांचा हात सवयीनं खुंटीवर गेला. सातवी तार सैल पडली होतीच, ती त्यांनी पिळत पिळत तिच्या आवाजापाशी आणली आणि लोखंडी कांडी त्या तारेवर टेकवली. स्पीकरमधून एक बारीक, लांब सूर निघाला. तो हिराआईच्या आवाजाच्या मागोमाग, पदर धरून चालल्यासारखा चालला.

दोन कडवी झाली आणि म्हातारीचा गळा तापला. गळा तापला की तिचा सूर चढतो, हे मांडवातल्या बायकांना ठाऊक होतं, मालकांना नव्हतं. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. आम्ही सगळ्यांनी तो चेहरा ओळखला. कांडी उचलली गेली, हात खुंटीकडे निघाला. हिराआईनं गाणं न थांबवता हळदीनं भरलेला हात पुढे केला आणि त्यांच्या मनगटावर असा दाबून धरला की इस्त्रीच्या शर्टाची बाही पिवळीजर्द झाली. तशीच गात राहिली. तोंडानं आंब्याला, उंबराला, सोयऱ्याधायऱ्यांना आवतणं, आणि हातानं मालकांचा हात परत तारेवर.

मग मालकांनी दुसरा इलाज नाही म्हणून वाजवलं. सुराला खुंटी पिळून गाठता येईना तर कांडी सरकवून गाठायचं, एवढंच त्यांच्या हातात उरलं. म्हातारी चढत गेली आणि ते तिच्यामागे वर वर सरकत गेले. कुठे कुठे मागे राहत होते, कुठे पुढे जात होते, घाम पुसायलाही फुरसत नव्हती. बाकीच्या सहा तारांना त्यांनी हात लावला नाही. हळद पायावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून खांद्यावर गेली. हिराआई अजून जरा चढली असती तर मालकांना गिटारीवरून उतरून मांडवाच्या खांबावर वाजवावं लागलं असतं. पण तिनं शेवटच्या देवाचं नाव घेतलं, सूर लांबवला, आणि थांबली. तेही थांबले.

मुनीरभाई स्पीकरच्या बटणावर बोट ठेवून तसेच उभे होते. काकी खोचलेला पदर सोडून खाली बसल्या.

मालकांनी सगळ्यांत आधी हिराआईला विचारलं, "आई, कसं झालं?"

"काय?"

"वाजवलं ते."

"तू वाजवत व्हतास व्हय?" म्हातारी म्हणाली. "मना वाटला मुनीरचा मायक कुई करतंय."

मांडव हसून हसून लोटपोट झाला. मालकही हसले, पण त्यांची नजर खुंट्यांवर गेलीच. कपाळावर आठ्या आल्या. ते हळूच प्रणालीकडे सरकले आणि पडेल आवाजात म्हणाले, "शेवटाला उतरलो व्हतो गं. लय बेसूर झाला. आपलं ठरलेलं गानं राह्यलंच. नीट लावून परत एकदा घेतो, हां?"

प्रणालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गालावरच्या हळदीत त्याच्या रेघा उठल्या होत्या. आजूबाजूच्या आत्या-मावश्या "रडू दे, माहेर सुटतंय" म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तिनं मान हलवली, पिवळा हात पुढे केला आणि वडलांच्या मुठीतली कांडी काढून घेतली.

"नको बाबा," ती म्हणाली. "झालं पुरं."